लाइव्ह फंकची तबकडी: चांगला रीइश्यू ओळखावा, लावावा आणि ऐकावा कसा

८ मार्च १९७१ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिया सभागृहात अमेरिकी फंक गायक जेम्स ब्राउनचा कार्यक्रम झाला आणि तो ध्वनिमुद्रित केला गेला. बेसवर होता एकोणीस वर्षांचा बूट्सी कॉलिन्स, गिटारवर त्याचा थोरला भाऊ कॅटफिश, ड्रम्सवर जाबो स्टार्क्स, ट्रॉम्बोनवर फ्रेड वेस्ली आणि गायनाच्या साथीला ब्राउनचा जुना जोडीदार बॉबी बर्ड. या मुद्रणाचा तीन तबकड्यांचा संच काढायचं ठरलं होतं. पण त्यानंतर लवकरच कॉलिन्स बंधू बँड सोडून गेले, त्याच वर्षी ब्राउन किंग रेकॉर्ड्स सोडून पॉलिडोर कंपनीकडे गेला, आणि संच बासनात पडला. १९९२ साली ते मुद्रण ‘लव्ह पॉवर पीस’ या नावाने सीडीवर आलं, तेही एका सीडीत मावेल इतकी काटछाट करून. तीन तबकड्यांचा मूळ बेत पुरा व्हायला २०१४ साल उजाडलं. संडेझ्ड या अमेरिकी कंपनीने ब्राउनने त्या काळी स्वतः करून ठेवलेलं मिश्रण (वाद्यांच्या आवाजांचं मिक्सिंग) वापरून पूर्ण कार्यक्रम विनाइलवर आणला.

रीइश्यू म्हणजे नुसती जुन्या मालाची नवी छपाई नसते, हे या एका उदाहरणावरून लक्षात येईल. कोणती टेप, कोणाचं मिश्रण, किती कापलं, किती ठेवलं, यावर तुमच्या हातात येणारी तबकडी ठरते. हा लेख ज्यांनी नुकताच टर्नटेबल घेतला आहे किंवा घ्यायच्या विचारात आहेत आणि ज्यांना फंक आवडतं, त्यांच्यासाठी आहे. माझं सांगणं एकच आहे: पैसे आणि लक्ष आधी टेपच्या वाटेवर आणि सुईच्या जुळणीवर घाला. तबकडीचं वजन, रंग आणि जाडजूड बॉक्स यांचा विचार नंतर करा.

पायरी १: अल्बम खरोखर लाइव्ह आहे ना, ते बघा

कव्हरवर रंगमंचाचा फोटो आणि आत टाळ्या असल्या की मुद्रण कार्यक्रमातलंच असतं असं नाही. जेम्स ब्राउनचाच १९७० सालचा ‘सेक्स मशीन’ हा दुहेरी अल्बम घ्या. त्यातला बराचसा भाग स्टुडिओत वाजवलेला आहे आणि प्रेक्षकांचा गलका वरून मिसळलेला आहे. वादन अप्रतिम आहे, तबकडी जरूर घ्यावी, पण सभागृहातली हवा ऐकायची असेल तर तिथे ती मिळणार नाही. ती हवी तर हार्लेममधल्या अपोलो थिएटरात २४ ऑक्टोबर १९६२ रोजी मुद्रित झालेला ‘लाइव्ह अ‍ॅट द अपोलो’ ऐका. किंग कंपनीचा मालक सिड नेथन या कल्पनेच्या विरोधात होता, म्हणून ब्राउनने स्वतःच्या पैशांनी ते मुद्रण करून घेतलं. अल्बम १९६३ मध्ये आला आणि बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत ६६ आठवडे टिकला. संगीत सोलचं आहे, फंक अजून जन्माला यायचं होतं, पण असा लाइव्ह अल्बम खपू शकतो हे त्याने नेथनला दाखवून दिलं.

पहिली तबकडी म्हणून मी तीन नावं सांगेन. पहिलं अर्थात पॅरिसचं. दुसरं सॅक्सोफोनवादक किंग कर्टिसचं ‘लाइव्ह अ‍ॅट फिलमोर वेस्ट’. हे सॅन फ्रान्सिस्कोत ५ ते ७ मार्च १९७१ या तीन रात्री मुद्रित झालं, म्हणजे पॅरिसच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवसापर्यंत! फंकच्या इतिहासात असा आठवडा क्वचितच सापडेल. तिसरं गायक-गिटारवादक कर्टिस मेफील्डचं ‘कर्टिस/लाइव्ह!’, न्यूयॉर्कच्या बिटर एंड या छोट्या क्लबात जानेवारी १९७१ मध्ये मुद्रित झालेलं. त्यात ब्रास (ट्रंपेट, ट्रॉम्बोनसारखी फुंकून वाजवायची वाद्यं) नाही, पाचच जणांचा ताफा आहे. लहान खोलीत लहान स्पीकरवर ऐकणाऱ्याला याच तबकडीने सुरुवात करणं सोपं जाईल.

पायरी २: टेप कुठून आली, ते विचारा

ऑडिओफाइल, म्हणजे आवाजाच्या दर्जाबाबत चोखंदळ श्रोत्यांसाठी काढलेल्या रीइश्यूचा सगळा जीव इथे आहे, म्हणून या पायरीवर जरा थांबू.

कार्यक्रम मुद्रित होतो तेव्हा गाणं, ड्रम्स, बेस, ब्रास हे टेपवर वेगवेगळ्या पट्ट्यांत उतरतं. त्यांचं मिश्रण करून दोन पट्ट्यांची मास्टर टेप तयार होते. मास्टरवरून प्रती निघतात, प्रतींवरून आणखी प्रती निघतात. परदेशातल्या कारखान्यांना पूर्वी अशाच प्रती पाठवल्या जात. दर पिढीगणिक टेपची सूं-सूं वाढते आणि झांजांची धार बोथट होते. तेव्हा रीइश्यू मूळ मास्टरवरून केला आहे, तिच्या प्रतीवरून केला आहे की एखाद्या जुन्या डिजिटल फाइलवरून, हे कळलं पाहिजे. जबाबदार कंपनी ते कव्हरवर किंवा स्वतःच्या पानावर लिहिते. तिथे टेपचा उल्लेख असतो आणि लॅकर (जिच्यावर पहिली खोबण कोरून पुढे छपाईचे साचे बनवतात ती मूळ चकती) कोणी कापलं त्या अभियंत्याचं नाव असतं. केव्हिन ग्रे, बर्नी ग्रंडमन, क्रिस बेलमन, रायन के. स्मिथ ही अशी नावं आहेत. ‘रीमास्टर्ड’ एवढा एकच शब्द छापलेला असेल आणि पुढे काहीच नसेल, तर त्यातून काही कळत नाही.

‘पूर्ण अ‍ॅनालॉग’, म्हणजे टेपपासून तबकडीपर्यंत कुठेही डिजिटल टप्पा नाही, या बिरुदाचंही तसंच. २०२२ मध्ये मोबाइल फिडेलिटी या नामांकित अमेरिकी कंपनीबाबत उघड झालं की ज्या तबकड्या ग्राहक पूर्ण अ‍ॅनालॉग समजत होते, त्यांतल्या अनेकांच्या वाटेत २०११ पासून डिजिटल टप्पा होता. प्रकरण कोर्टात गेलं, तडजोड झाली आणि कंपनी आपल्या तबकड्यांच्या वाटेची माहिती उघडपणे देऊ लागली. त्या तबकड्यांच्या आवाजाचं त्याआधी भरभरून कौतुक झालं होतं. त्यामुळे डिजिटल टप्पा आला म्हणजे आवाज बिघडलाच, असं मी म्हणणार नाही. पण पैसे मोजणाऱ्याला खरं काय ते कळायलाच हवं, आणि ते विचारायची सवय पहिल्या तबकडीपासून लावून घ्यावी.

लाइव्ह फंकच्या बाबतीत आणखी एक प्रश्न महत्त्वाचा: मिश्रण जुनंच आहे की नव्याने केलं आहे? नव्या मिश्रणात बेस ठळक होतो आणि गायकाचा आवाज पुढे येतो, पण कधीकधी प्रेक्षकांचा आवाज मागे ढकलला जातो आणि सभागृह आक्रसतं. ब्राउनसारखा कलाकार वाद्यं नेमकी कुठे बसवायची हे स्वतः ठरवत असे. म्हणूनच पॅरिसच्या संचात त्याचं स्वतःचं मिश्रण वापरलं, ही मला त्या रीइश्यूमधली सर्वात मोलाची गोष्ट वाटते.

पायरी ३: वजन सोडा, बाजूची लांबी बघा

१८० ग्रॅम हा आकडा कव्हरवर ठसठशीत छापलेला असतो. साधी तबकडी १२० ते १४० ग्रॅमची असते. जाड तबकडी हातात छान वाटते आणि सहसा सपाट राहते, पण सुई जिच्यातून धावते त्या खोबणीची खोली आणि आकार दोन्हींत सारखाच असतो. वाईट टेपवरून कापलेली जड तबकडी वाईटच वाजते.

त्यापेक्षा एका बाजूवर किती मिनिटं भरली आहेत, ते बघा. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. अगदी बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खोबण जाते आणि लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत दाटीवाटीने लिहिलेलं असतं, त्यामुळे बाजूच्या शेवटी ‘स’, ‘श’ आणि झांजा फाटायला लागतात. शिवाय फंकचा बेस जागा खातो. खालचे स्वर खोबणीला जोरात डावी-उजवीकडे ढकलतात. बाजूवर २५ मिनिटं कोंबायची असतील, तर कापणाऱ्याला आवाज कमी करावा लागतो किंवा बेस छाटावा लागतो. १८ ते २० मिनिटांची बाजू असेल तर त्याला हात मोकळा मिळतो. एका सीडीत मावणारा कार्यक्रम दोन-तीन तबकड्यांवर पसरला, तर त्यामागे हे खरं कारण असतं. हेच गणित पुढे नेऊन काही कंपन्या ४५ फेऱ्यांच्या तबकड्या काढतात. आवाज सुरेख येतो, पण दर दहा-बारा मिनिटांनी उठावं लागतं आणि सलग वाजणाऱ्या कार्यक्रमाचे तुकडे पडतात. लाइव्ह फंकसाठी मी ३३ लाच कौल देतो.

तबकडी हातात आली की लेबल आणि शेवटची खोबण यांच्यामधली कोरी गुळगुळीत पट्टी टॉर्चच्या प्रकाशात तिरकी धरून वाचा. तिथे तबकडीचा क्रमांक कोरलेला असतो आणि बऱ्याचदा कापणाऱ्याची सहीदेखील. केव्हिन ग्रेची ‘केपीजी’ ही रोमन आद्याक्षरं संग्राहकांना चांगली ओळखीची आहेत. एकाच अल्बमच्या दोन छपायांचं कव्हर हुबेहूब सारखं असलं, तरी या पट्टीवरून त्या वेगळ्या ओळखता येतात. जुना माल घेताना तर विक्रेत्याकडून या पट्टीचा फोटो मागूनच घ्यावा.

त्याच प्रकाशात खोबणीही बघा. शांत जागा काळीभोर दिसते, जोरकस जागा करडी आणि चमचमती. स्टुडिओ अल्बममध्ये दोन गाण्यांच्या मधे गुळगुळीत कडी दिसते. लाइव्ह तबकडीवर ती बहुधा पुसट असते, कारण मधल्या जागेतही टाळ्या आणि आरोळ्या भरलेल्या असतात.

पायरी ४: विकत घेणं

मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे संगीताचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं, पण चोर बाजारात जुन्या तबकड्यांचे ढीग अजूनही चाळता येतात. अशा ढिगांत जुनं हिंदी चित्रपटसंगीत भरपूर निघतं. परदेशी लाइव्ह फंकचा नवा रीइश्यू मात्र बहुतेक वेळा बाहेरून मागवावा लागतो. मागवताना तबकडीची किंमत, वाहतूक, सीमाशुल्क आणि कर असा एकत्र हिशेब करा. तीन तबकड्यांचा संच पॅकिंगसकट किलोच्या आसपास जातो, त्यामुळे वाहतुकीचा खर्चच कधीकधी डोळे पांढरे करतो. अमेरिकेत किंवा युरोपात राहणारा कोणी नातेवाईक येणार असेल, तर तबकडी हातसामानात आणायला सांगा. चेक-इन बॅगेत कोपरे दुमडतात. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा. तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा असतो.

पायरी ५: पहिल्या दिवशीच तपासा

नवी आहे म्हणून निर्दोष असेल, असं धरून चालू नका. तबकडी फिरत असताना डोळे तिच्या पातळीला आणून बघा. कड थोडी हलली तर हरकत नाही. सुई प्रत्येक फेऱ्याला होडीसारखी वर-खाली होत असेल तर परत पाठवा. टोनआर्म, म्हणजे सुई धरणारी दांडी, डावी-उजवीकडे झुलत असेल, तर भोक मधोमध नाही. लांबवलेल्या ऑर्गनच्या स्वरात ते लगेच कळतं, सूर दर फेऱ्याला किंचित हेलकावतो. तिसरा दोष कारखान्यातला आहे: साच्यात प्लास्टिक नीट भरलं गेलं नाही, तर खोबणीत बारीक खड्डे राहतात आणि कापड फाटल्यासारखा आवाज येतो. कितीही धुतलं तरी तो जात नाही. धुळीची चट्‌ चट्‌ मात्र बहुतेकदा धुतल्यावर जाते, तेव्हा परत पाठवायच्या आधी एकदा स्वच्छ करून वाजवा.

पायरी ६: टर्नटेबल आणि सुई

नवखे लोक सर्वात जास्त इथे चुकतात आणि सर्वात जास्त फायदाही इथेच होतो.

सुटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेअर टाळा. त्यांतले बरेचसे सिरॅमिक कार्ट्रिजवर (कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेला, आवाजाचा सिग्नल तयार करणारा भाग) चालतात आणि सुईचा भार पाच-सहा ग्रॅम असतो. चांगल्या मॅग्नेट कार्ट्रिजला दोन ग्रॅमच्या आसपास पुरतात. शिवाय प्लेअरच्या पोटातच स्पीकर असला की फंकचा बेस सुईलाच हादरवतो आणि ती उडी मारते. बेल्टने फिरणारा की थेट मोटरचा, हा वाद ऐकायला मिळेल. दोन्ही प्रकारांत उत्तम यंत्रं आहेत. ज्याचा टोनआर्म जुळवता येतो आणि कार्ट्रिज बदलता येतं, ते घ्या.

अमेरिकेतून टर्नटेबल आणणाऱ्यांसाठी एक खास सूचना. तिथली वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेजचा प्रश्न सुटतो, हर्ट्झचा सुटत नाही. ज्या जुन्या यंत्रांत मोटरचा वेग विजेच्या हर्ट्झवर चालतो, ती इथे ३३⅓ ऐवजी २८ पेक्षाही कमी फेरे घेतात. गाणं रेंगाळतं आणि सूर खाली येतो. अशा यंत्राला ५० हर्ट्झची पुली मिळते का, ते आधी बघा. बाहेरच्या अ‍ॅडॉप्टरवर डीसी मोटर चालवणाऱ्या नव्या यंत्रांना ही अडचण येत नाही.

आता जुळणी. ती याच क्रमाने करा, कारण पुढची पायरी मागचीवर अवलंबून असते.

यंत्र भक्कम, जड टेबलावर ठेवा, स्पीकर असलेल्या टेबलावर नको. पाणसळ प्लॅटरवर, म्हणजे फिरत्या थाळीवर, ठेवून दोन्ही दिशांनी पातळी साधा. मग टोनआर्मचं मागचं वजन फिरवत आर्म हवेत तरंगेल असा तोल आणा आणि तिथे भाराचा आकडा शून्यावर लावा. नंतर कार्ट्रिजच्या माहितीपत्रकात दिलेला भार द्या. ऑर्टोफॉन २एम रेडला १.८ ग्रॅम लागतात, ऑडिओ टेक्निका व्हीएम९५ईला २ ग्रॅम. आर्मवरच्या आकड्यावर पूर्ण विसंबू नका, सुईचा भार मोजणारा छोटा डिजिटल काटा स्वस्तात मिळतो. भार कमी ठेवला तर तबकडी वाचेल, अशी अनेकांची समजूत असते. होतं उलटंच. हलकी सुई जोरकस बेसमध्ये खोबणीच्या भिंतींवर आपटत जाते आणि त्याच भिंती खराब करते. दिलेल्या मर्यादेत थोडा वरचा भार बरा.

मग कार्ट्रिज कागदी मापपट्टीवर सरळ बसवा. सुई दोन्ही खुणांवर टेकली की कार्ट्रिजच्या बाजू रेषांना समांतर दिसल्या पाहिजेत. केसाएवढा फरक पडला तरी बाजूच्या शेवटच्या गाण्यात ऐकू येतो. शेवटी अँटी-स्केटिंग (आर्मची आत खेचली जायची ओढ सावरणारी जुळणी) सुईच्या भाराइतकं लावा आणि कानाने थोडं मागेपुढे करा.

टर्नटेबलहून येणारा सिग्नल फार क्षीण असतो, मॅग्नेट कार्ट्रिजचा जेमतेम तीन ते पाच मिलिव्होल्ट. शिवाय तबकडी कापताना बेस मुद्दाम कमी करतात आणि वरचे स्वर वाढवतात, नाहीतर खोबण मावणारच नाही. १९५४ पासून या बदलाचं एकच मानक चालत आलं आहे. फोनो प्रीअँप आवाज वाढवतो आणि ती उलथापालथ पुन्हा सरळ करतो. अँप्लिफायरवर ‘फोनो’ असं भोक असेल तर वेगळा प्रीअँप लागणार नाही. नसेल तर घ्यावाच लागेल. तो नसताना आवाज चिरका आणि पोकळ येतो, आणि लोक तबकडीला नावं ठेवत बसतात. टर्नटेबलहून येणारी बारीक अर्थिंगची वायर प्रीअँपच्या स्क्रूला जोडा, नाहीतर सतत घुंऽऽ ऐकू येईल.

पायरी ७: स्वच्छता

प्रत्येक वेळी वाजवण्याआधी कार्बन फायबरचा ब्रश फिरत्या तबकडीवर हलकेच धरा आणि धूळ कडेला आणून उचला. ओली स्वच्छता डिस्टिल्ड वॉटरने करा. नळाच्या पाण्यातले क्षार खोबणीत बसतात. सुई मागून पुढे पुसा, उलटी कधीच नाही.

एक इशारा मनापासून द्यायचा आहे. पुष्कळ मराठी घरांत आजोबांच्या काळातल्या नाट्यगीतांच्या आणि भावगीतांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या असतात. टर्नटेबल आला की त्या माळ्यावरून खाली येतात. त्या विनाइलच्या नाहीत, लाखेच्या आहेत. अल्कोहोल असलेलं कुठलंही द्रावण त्यांना लावू नका, लाख विरघळते. आणि त्यांच्या खोबणी रुंद असतात, त्यांना वेगळी जाड सुई लागते. साध्या सुईने वाजवलं तर सुई तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर येते.

पायरी ८: ऐकणं

सुरुवातीला किंग कर्टिसची तबकडी लावा, तिच्यावरचं पहिलंच ‘मेम्फिस सोल स्ट्यू’. जुळणी तपासायला याहून चांगलं काही मला ठाऊक नाही. सॅक्सोफोनवादक कर्टिस स्वयंपाकाची कृती सांगावी तसं एकेका वाद्याला बोलावतो आणि प्रत्येक वाद्य एकटं आत येतं. आधी जेरी जेमटचा बेस, मग बर्नार्ड पर्डीचे ड्रम्स, कॉर्नेल ड्युप्रीची गिटार, बिली प्रेस्टनचा ऑर्गन, मेम्फिस हॉर्न्सचा ब्रास. बेस एकटा असताना त्याचे स्वर नीट मोजता येतात का ते बघा. ड्रम्स आल्यावर बेसचा स्वर आणि पायाने वाजणारा मोठा ड्रम वेगळे ऐकू येतात की एकमेकांत चिकटतात? चिकटत असतील तर आधी स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे ओढा. पुष्कळदा दोष तिथेच असतो. ब्रास शिरल्यावर कान बोचले, तर सुईचा भार आणि मापपट्टी पुन्हा तपासा. हा अल्बम ऑगस्ट १९७१ मध्ये आला आणि त्याच महिन्यात, १३ तारखेला, न्यूयॉर्कमध्ये कर्टिसचा भोसकून खून झाला. ते माहीत असून त्याचा तो हसरा, दिलखुलास आवाज ऐकताना मन हलतं.

त्यानंतर पॅरिस. इथे प्रत्येक जण काय वाजवतो यापेक्षा सगळे कुठे एकत्र येतात, ते ऐका. ब्राउन आपल्या बँडला सतत बजावायचा की जोर पहिल्या मात्रेवर द्या. मधल्या मात्रांत गिटार, बेस, ब्रास आपापल्या वाटेने कितीही हिंडोत, त्या पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी सापडलं पाहिजे. तीनतालात तबलजी आणि गायक लांब फिरून समेवर येतात तेव्हा आपली मान आपोआप हलते, तेच सुख इथे दर चार मात्रांनी मिळतं. ‘सेक्स मशीन’ या गाण्यात कॅटफिशची गिटार एकच छोटी आकृती न थकता फिरवत राहते, बूट्सीचा बेस तिच्याभोवती खेळतो, आणि ब्राउन व बर्ड एकमेकांच्या तोंडातला शब्द उचलतात. वर्षभरापूर्वी, मार्च १९७० मध्ये, ब्राउनच्या जुन्या वादकांनी पैशांवरून असहकार पुकारला होता. तेव्हा बर्डने कॉलिन्स बंधूंना, सिनसिनाटीच्या या पोरांना, ब्राउनच्या खासगी विमानातून आणून थेट रंगमंचावर उभं केलं होतं. पॅरिसपर्यंत ती पोरं कशी तयार झाली होती, हे ऐकल्यावरच कळेल.

चांगल्या रीइश्यूत आणखी काय शोधायचं? टाळ्या एका ठिपक्यातून येतात की दोन स्पीकरच्या मधे आणि मागे पसरतात? ब्राउन तोंड माइकपासून वळवून बँडला हाक मारतो तेव्हा आवाज दूर गेल्याचं जाणवतं का? ‘इट्स अ मॅन्स मॅन्स मॅन्स वर्ल्ड’सारख्या संथ गाण्यात, किंकाळीच्या आधीच्या शांततेत, सभागृहाचा श्वास ऐकू येतो का? वरचे स्वर चकचकीत करून आणि सगळा आवाज सपाट मोठा करून केलेल्या छपाईत या तिन्ही गोष्टी सर्वात आधी जातात. पहिल्या दहा मिनिटांत अशी तबकडी जास्त दमदार वाटते आणि दुसऱ्या बाजूपर्यंत कान थकतात. आवाज मध्यम ठेवून पूर्ण बाजू ऐका आणि मगच मत बनवा.

पायरी ९: पावसाळा

तबकड्या उभ्या ठेवा, एकमेकींवर आडव्या रचू नका. कागदी आतली पिशवी काढून प्लास्टिकचं अस्तर असलेली घाला. कागदाचे तंतू खोबणीत जातात. कोकण, मुंबई, गोवा इथल्या दमट हवेत खरा शत्रू बुरशी आहे, आणि ती कव्हरच्या पुठ्ठ्यावर आधी धरते. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि महिन्यातून एकदा कव्हरं उघड्या हवेत चाळा. नव्या तबकडीवरचं घट्ट गुंडाळलेलं पातळ प्लास्टिक काढून टाका. ते आकसत जातं, कव्हर वाकवतं आणि आत ओल धरतं. मे महिन्यात तबकडी गाडीत ठेवून बाजाराला जाऊ नका, परत येईपर्यंत ती वाकलेली असेल.

सुई साधारण ५०० ते १००० तास चालते, तिच्या आकारानुसार. रोज एक तबकडी ऐकणाऱ्याने दोन वर्षांनी तरी ती तपासून घ्यावी. झिजलेली सुई खोबण कायमची बिघडवते आणि त्यावर नंतर काही उपाय नाही.

यापुढे जुन्या मूळ छपाया शोधायला लागलात, तर दोन-तीन तबकड्यांच्या संचात एक विचित्र गोष्ट दिसेल. पहिल्या बाजूच्या पाठीवर दुसरी बाजू नसून चौथी किंवा सहावी असते. ती छपाईची चूक समजून परत करू नका. त्या काळातल्या चेंजरवर तबकड्यांची चळत लावत असत आणि एक संपली की दुसरी आपोआप खाली पडे. सगळ्या तबकड्यांच्या वरच्या बाजू ओळीने वाजल्या की चळत उलटी करायची आणि उरलेला कार्यक्रम ऐकायचा, अशी ती रचना आहे. तुमच्या टर्नटेबलवर मात्र लेबलवरच्या क्रमांकानेच ऐका, म्हणजे कार्यक्रमाचा क्रम मोडणार नाही.